रेघ मारलेला चौकोन

काष्टी आणि देवळाली प्रवरा ही गावं खरी आहेत. माणसं तिथली नाहीत आणि नावंही त्यांची नाहीत. हे आधीच सांगते, कारण जिच्याबद्दल लिहितेय त्या बाईनं पस्तीस वर्षं एक गोष्ट तोंडाबाहेर काढली नाही. माझ्या लिहिण्यानं ती कुणाच्या दारात जाऊन पडायला नको.

त्यांना बनुबाई म्हणू.

काष्टीत बाजाराच्या दिवशी जनावरांच्या गर्दीत, पत्र्याच्या शेडच्या सावलीला त्या बसायच्या. पुढ्यात पोतं अंथरलेलं. त्यावर लोकरीचे गोंडे, बैलांच्या गळ्यातले कंडे, म्होरक्या, दावी. सगळं हातचं. आठवडाभर वळायचं आणि बाजारात विकायचं. बाजारात त्यांचं तोंड नुसतं चालू असायचं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, तुमचा गोंडा बैलापेक्षा देखणा हाय." ह्या म्हणाल्या, "मग गोंडाच जुंपा की नांगराला. वैरन तरी वाचंल."

बाकीचे सहा दिवस त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मोठा मुलगा हनुमंत चाकणला कंपनीत, तो दिवाळीला यायचा आणि दर रविवारी फोन करायचा. मुलगी ज्योती एकोणिसाव्या वर्षीच वारली. दोन खोल्यांचं घर गावाच्या कडेला. मी आशाताई म्हणून काम करते, त्यामुळे घरोघर फिरणं होतं. एकदा मी त्यांच्या मागोमागच त्यांच्या घरी पोचले. कुलूप काढून आत शिरताना त्या म्हणाल्या, "आले गं मी." मला वाटलं पाहुणी आली असेल. आत कुणीच नव्हतं. मी ऐकलं हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा जरा ओशाळून म्हणाल्या, "सवय. घराला बरं वाटतं."

बीपीच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी महिन्याला पाकीट घेऊन माझ्याकडे यायच्या. "वाच गं जरा, काय लिवलंय." मी वाचायची. त्या मान डोलवून ऐकायच्या, जशी पोथी ऐकतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात एक प्रकल्प आला. पुण्याचे डॉक्टर होते. चाळीस गावांतल्या लोकांचं रक्त तपासायचं, कोणत्या घरात कोणता दोष पिढ्यान्पिढ्या चालत आलाय ते लिहून काढायचं आणि पुढे औषध देताना माणूस बघून द्यायचं, असा तो अभ्यास. आम्हाला तीन दिवस शिकवलं. डॉक्टर प्रज्ञा म्हणून एक तरुण बाई होत्या, त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. एकच औषध दहा जणांना दिलं तर बहुतेकांना लागू पडतं, एखाद्याला काहीच होत नाही आणि एखाद्याला ते बाधतं. तो एखादा कोण हे आधी कळलं तर त्याचा जीव वाचेल. पण ते कळायला आधी हजारो माणसांचं रक्त आणि हजारो घरांची वंशवेल हातात पाहिजे.

वेल काढायचं काम आमचं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, त्याखाली लेकरं. जो माणूस गेला त्याच्या चौकोनावर तिरपी रेघ मारायची.

बनुबाईंना हे सांगितल्यावर त्या खूप हसल्या. "बाई गोल आन बाप्या चौकोन? ज्यानं काढलं त्यानं बराबर काढलं. बाप्याचे कोपरेच टोचत्यात."

त्यांचं लग्न आत्याच्या घरात झालेलं. म्हणजे सासू ती सख्खी आत्या आणि नवरा आतेभाऊ. आमच्याकडे पूर्वी हे सर्रास होतं. पोरगी डोळ्यांसमोर राहते म्हणून. मी वेलीत तसं दुहेरी रेघेनं दाखवलं. नवऱ्याच्या चौकोनावर तिरपी रेघ मारली. मग विचारलं, "मावशी, लेकरं किती? असलेली, गेलेली, सगळी सांगा."

त्यांच्या हातात लोकर होती. ती त्यांनी बोटाला तीन वेढे घेतली, सोडली.

"दोन. हनुमंत आन ज्योती."

ज्योतीचं त्यांनीच सांगितलं. अपेंडिक्स. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले होते. ऑपरेशन नीट झालं, पण भूल उतरलीच नाही. पोरगी श्वासच घेईना. हातानं हवा देत पुण्याला निघाले, आणि गाडी दौंड ओलांडेपर्यंत संपलं. डॉक्टरसुद्धा रडले म्हणे. कशानं झालं ते कुणालाच कळलं नाही. त्या काळी कळायला मार्गही नव्हता.

"एक दिलं तर एक नेलं त्यानं," बनुबाई म्हणाल्या. मी ज्योतीच्या गोलावर तिरपी रेघ मारली. त्या बघत होत्या. "रेघ म्हंजी गेलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय." 'एक दिलं' म्हणजे काय हे मी विचारलं नाही. बाईमाणूस दुःखात काहीबाही बोलतं, असं वाटलं.

संध्याकाळी घरी देवापाशी दिवा लावून नावं पुटपुटत कागद पुरे करायला बसले. माझ्या सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बनूची दोनच कशी? तिसरं झालं हुतं की. पोरगा. तिचा मालक लांब तिकडं शुगर फॅक्टरीवर कामाला हुता तवा. दगावला म्हनं, तीन म्हैन्याचा हुऊन."

आमच्याकडच्या बायका दगावलेलं लेकरू मोजत नाहीत. विचारलं तर म्हणतात दोनच, आणि तिसऱ्याचं नाव मनात ठेवतात. प्रशिक्षणात बजावलं होतं, ज्याचं त्याला विचारूनच लिहा. पण मला वाटलं, कशाला पुन्हा जाऊन त्या बाईची खपली काढायची? मी घरी बसूनच हनुमंत आणि ज्योतीच्या शेजारी तिसरा चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारून टाकली.

आठ महिन्यांनी निकाल आले. डॉक्टर प्रज्ञा उपकेंद्रात बसून एकेकाला समजावून सांगत होत्या. बनुबाईंच्या पाकिटात पिवळं कार्ड होतं. चाळीस गावांत पिवळी कार्डं थोडीच निघाली होती.

"आजी, तुम्हाला कधी भूल दिली होती का?"

"न्हाई बाई. तीन बाळंतपनं घरीच—" एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "न्हाई, कदीच न्हाई."

"म्हणून बरं आहे. मोठ्या ऑपरेशनला भूल देताना अंग सैल पडायचं एक इंजेक्शन कधीकधी देतात. ते मोडून टाकणारं द्रव्य आपल्या रक्तात असतं, त्यामुळे चार-पाच मिनिटांत त्याचा असर उतरतो. तुमच्या रक्तात ते द्रव्य नीट काम करत नाही. तुम्हाला ते इंजेक्शन दिलं तर तासन्तास श्वास घेता येणार नाही. श्वासाचं मशीन जवळ असलं तर माणूस वाचतो. पण ते इंजेक्शनच दिलं नाही तर काहीच होत नाही. दुसरी औषधं आहेत. म्हणून हे कार्ड कायम जवळ ठेवायचं."

बनुबाईंनी कार्ड हातात घेतलं. उलटंच धरलं होतं.

"ज्योतीला ह्येच झालं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तसंच दिसतंय."

"म्हंजी माझ्यामुळं गेली."

"असं नाही आजी. दोघांकडून आलं तरच होतं. तुमच्या मिस्टरांच्याही रक्तात ते अर्धं होतं. तुमची दोन्ही घरं एकच ना. ह्यात कुणाची चूक नसते. हनुमंतचं रक्त तपासलंय, त्याला धोका नाही. पण तुमच्या प्रत्येक लेकराला दोनात एक अशी शक्यता होती."

"परतेक म्हंजी?"

"प्रत्येक. जेवढी झाली तेवढ्यांना."

बनुबाई उठल्या आणि पिशवी तिथेच विसरून चालू लागल्या. मी मागे पळत जाऊन दिली. "मावशी, बरं हाय ना?" "बरं हाय की. मला काय धाड भरलीय."

त्यानंतर त्या सुकल्याच. बाजारात बसायच्या, पण गिऱ्हाइकाला उलटं उत्तर जाईना. मला वाटलं, ज्योतीचं दुःख नव्यानं वर आलंय. खरं तर दुसरंच काही त्यांना पोखरत होतं, पण ते त्या कुणाला सांगणार होत्या?

मागच्या वर्षी दिवाळीनंतरचा एक रविवार. भर दुपारी बनुबाई दारात. डोक्यावर पदर, हातात ते पिवळं कार्ड. आत यायच्या आधीच विचारलं, "आशाताई, हे माझं कार्ड दुसऱ्याला चालतं का गं?"

मी हसले. "मावशी, रेशनचं कार्ड हाय का ते? ज्याचं त्याला."

त्या हसल्या नाहीत. बसल्या. "देवळालीचा नाथा हाय ना, वन्संचा. हनुमंताचा फोन हुता आत्ता. नाथाच्या पित्तात खडे झाल्यात. मंगळवारी आपरेशन हाय. पुरती भूल देनार हाईत."

ह्या वन्सं म्हणजे रतनबाई, त्यांची नणंद, देवळाली प्रवराला दिलेली. नाथा म्हणजे कानिफनाथ, रतनबाईंचा एकुलता एक. बनुबाई त्याची मामी. त्या घरी ह्यांचं जाणं-येणं नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भावजय-नणंदेचं कधीतरी फाटलं असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

"डॉक्टरला नुसतं सांगितलं, ते इंजेक्शन देऊ नका, तर ऐकत्यात का?"

"का म्हणून विचारतील. रक्ताच्या नात्यात कुणाला आहे विचारतील. तुमी तर मामी. मामीचं रक्त त्याला कसं येईल? थांबा, तुमचं सासर तेच रतनबाईंचं माहेर, आन तेच तुमच्या आत्याचं घर. कागद बघते."

मी फाईल काढली आणि त्यांची वेल चटईवर पसरली. त्यांना अक्षर येत नाही, पण चौकोन-गोल तर कळत होते. त्यांचं बोट स्वतःच्या गोलावरून खाली गेलं. हनुमंत. ज्योती. आणि मग तिसरा चौकोन.

"ह्यो कोन?"

"तुमचं... ते दगावलेलं बाळ. सासूबाई म्हणाल्या."

"आन ही रेघ कुनी मारली?"

"मी."

"पूस." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "पूस ती आदी! जित्या मान्सावर रेघ मारतीस? मंगळवारी त्याचं आपरेशन हाय आन तू रेघ मारून बसलीस?"

मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. सासूबाई आत झोपल्या होत्या, देवाची कृपा. मी खोडरबर आणलं. रेघ पेनानं मारलेली, ती जाईना. घासून घासून कागद फाटायला आला. शेवटी मी नवीन कागद घेतला आणि सगळी वेल पहिल्यापासून काढली. तिसरा चौकोन मोकळा ठेवला.

त्यांनी तो बघितला आणि मान हलवली. "मी काय बोलले न्हाई," त्या म्हणाल्या.

"न्हाई मावशी. तुमी काहीच बोलला न्हाई."

त्यांच्या परवानगीनं मी डॉक्टर प्रज्ञांना फोन केला. नाथाचं नाव-गाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या माणसाचं रक्त तपासावं लागेल, पण निकालाला वेळ लागतो. तोवर भूल देणाऱ्या डॉक्टरनं ते औषध टाळायचं, एवढंच. सोपं आहे. पण त्यांना कळलं तर पाहिजे. मी परस्पर सांगू शकत नाही. आजींची माहिती आजींची आहे. पेशंटनं किंवा त्याच्या घरच्यांनी सांगायचं. मी पत्र लिहून आत्ताच फोनवर पाठवते, ते छापून घ्या."

मी म्हटलं, "मावशी, सोपं आहे म्हणतात. हनुमंतलाच सांगू द्या की फोनवर."

"हनुमंताला काय ठाव न्हाई. त्यो म्हनंल, माझ्या आईला हाय. नाथा म्हनंल, मामीचं मला कसं लागंल? हसंल आन जाईल टेबलावर झोपायला." थोडं थांबून म्हणाल्या, "वन्संला सांगितल्याबिगर न्हाई. तिच्या दारात जावं लागंल."

सोमवारी पहाटेची एसटी धरली. नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गाडी बदलली. त्यांनी जवळचं एकमेव इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. साऱ्या वाटेत एकच बोलल्या, विळद मागं पडल्यावर. "आशाताई, तू देवाधर्माची हाईस. शपथ घेतली, तर देव तोंडाचं धरतो का मनाचं?"

देवाला शपथेपेक्षा लेकरू प्यारं असेल असं मला वाटतं. पण देवाच्या वतीनं बोलणारी मी कोण? मी मनातल्या मनात मढीच्या कानिफनाथांना हात जोडले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

राहुरी फॅक्टरीला उतरून रिक्षा केली. रतनबाईंचं घर मोठं, चारी बाजूंनी ऊस. दार त्यांनीच उघडलं. बनुबाईंना बघून त्यांनी आधी रस्त्याकडे नजर टाकली, कुणी पाहतंय का म्हणून.

"तू?"

"व्हय वन्सं."

"नाथा घरी न्हाई. सूनबाई आन त्यो सकाळीच गेल्यात दवाखान्यात, तपासण्या करायला."

"म्हाईत हाय. म्हनूनच आत्ता आले."

आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं. बनुबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून खाली बसल्या. समोर नाथाचा फोटो होता, लग्नातला. त्यांनी एकदा पाहिला आणि पुन्हा तिकडे मान वळवली नाही.

"त्याला दुखलंखुपलं की येनार हे मला ठावं हुतं," रतनबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्सं दम धरलास. आता काय, सांगायला आलीस त्याला?"

"मी काय मागाया आले न्हाई वन्सं. आशाताई, तू सांग."

मी पत्र काढलं आणि सगळं सांगितलं. इंजेक्शन, रक्त, दोनात एक. ज्योतीचं नाव निघालं तेव्हा रतनबाईंचा हात गळ्यातल्या माळेवर गेला.

"ज्योतीला ह्येच झालं हुतं?"

"व्हय," बनुबाई म्हणाल्या.

"आन नाथाला बी..."

"दोनात एक, वन्सं. तोंड बघून कळत न्हाई."

रतनबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी परक्या. पन हिनं तर तोंडाला टाका घातलाय, म्हनून मीच सांगते. धा वर्सं मला मूल न्हवतं. माझ्या मालकाला दुसरी करून द्यायचं ठरलं हुतं, पोरगी बी बघितली हुती. माझी आई हिला म्हनली, तुला दोन हाईत, हे तिसरं माझ्या रतनला दे. औषधपान्याचं निमित्त करून मी फॅक्टरीवर हिच्यापाशी जाऊन राहिले, आन येताना लेकरू घिऊन आले. काष्टीत सांगितलं दगावलं. मढीला कानिफनाथाच्या समाधीवर हात ठिवून हिनं शपथ घेतली, तोंडानं कदी म्हननार न्हाई. कदीच म्हनली न्हाई ती. आन मी काय केलं? हिचं येनंच बंद केलं. त्याच्या लग्नात बी मागल्या रांगेत बसवली. हिचं नाक आन त्याचं नाक एक. मला झोप लागायची न्हाई."

"कशाला आता ते," बनुबाई म्हणाल्या.

"कशाला म्हंजी? आता सांगावंच लागंल ना त्याला! डाक्टर इचारंल, कुनाचं रक्त, कुनाला हाय. मी काय सांगू? त्याची आई काष्टीला बाजारात गोंडे इकती, तिला हाय?"

तेव्हा बनुबाई भिंत सोडून पुढे सरकल्या. इतका वेळ त्या वन्सं म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "रतने."

लहानपणी दोघी एकाच अंगणात खेळलेल्या.

"रतने, ज्योती तुझी कोन?"

"भाची."

"मग डाक्टरला म्हन, माझ्या माहेरात हाय हा दोष. माझी सख्खी भाची भुलीत गेली. ह्यो कागद घ्या, आन त्ये इंजेक्शन माझ्या पोराला देऊ नका. त्यात खोटं काय हाय? एक अक्षर तरी खोटं हाय का?"

रतनबाईंनी पत्र हातात घेतलं. बनुबाई माझ्याकडे वळल्या.

"आईच्या माहेरचं म्हनल्यावर डाक्टर ऐकतोय. व्हय ना आशाताई?"

"ऐकतील," मी म्हटलं. तेवढंच पुरेसं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. आणि बनुबाईंना ते आदल्या रात्रीच कळलेलं असणार.

"आन तू?" रतनबाईंनी विचारलं.

"मी मामी."

रतनबाईंनी चष्मा काढला. पदरानं काचा पुसल्या, पुन्हा पुन्हा. मग आत जाऊन दोन ताटं वाढून आणली. बनुबाई जेवल्या. मला वाटलं होतं घास उतरणार नाही, पण त्या नीट जेवल्या. म्हणाल्या, "पोरानं खाल्लेल्या चुलीचं हाय."

तासाभरानं रतनबाई दवाखान्यात जायला निघाल्या. पत्र पिशवीत घातलं, वर हात ठेवला. "चल की. बघून जा त्याला."

"नगं. तिथं माझं तोंड माझ्या हातात राह्यचं न्हाई." बनुबाई रिक्षात बसल्या होत्या. "मामी एवढं रडत न्हाई कुनाची."

मंगळवारी सकाळपासून त्या माझ्या ओसरीत येऊन बसल्या. लोकर आणली होती, पण वळली नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय गं बने, आज हिकडं?" तर म्हणाल्या, "घरात करमंना." खोटं तर तेही नव्हतं. चहा दोनदा थंड झाला. मी जप करत होते, त्यांच्या लक्षात येऊ नये असा. दुपारी एकच्या सुमाराला माझा फोन वाजला. रतनबाई होत्या. "शुद्धीत आला. दुसरं औषिध वापरलं म्हनं. पानी मागतोय." पुढे काही नाही, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी बनुबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पानी लगेच द्यायचं नसतं. त्यांना ठाव असंल ना?" आणि लोकर गोळा करून घरी गेल्या.

पुढच्या महिन्यात डॉक्टर प्रज्ञा आल्या. मला माझी चूक सांगावी लागली. न विचारता रेघ मारली, जिवंत माणूस मेलेला दाखवला. मला वाटलं कामावरून काढतील. त्या नव्या कागदाकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "चाळीस गावांत अशा किती रेघा असतील, ताई. आपण रक्त मोजतो. माणसं काय काय मोजत नाहीत ते आपल्याला कुठून कळणार?" रागावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

बनुबाई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "डाक्टरीनबाई, तुमच्या त्या मशिनीत आमची नावं असत्यात का?"

"नाही आजी. नुसते नंबर. नाव कुणालाच दिसत नाही."

"आन समजा, कुनी रक्त दिलं, आन कुनाचं कोन ते सांगितलंच न्हाई. तर?"

"तरी संगणकाला कळतं. रक्तावरूनच दोन नंबरांचं नातं निघतं. आई, मूल, भाऊ, बहीण. पण नंबर कुणाचे, हे बाहेर सांगत नाही आम्ही."

"कुनी न बोलता?"

"कुणी न बोलता."

बनुबाईंनी हात जोडले. कुणाला, ते मला नीट दिसलं नाही. भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं, त्यालाही असतील.

नाथानं रक्त दिलं. निकाल आला तेव्हा त्यालाही पिवळं कार्ड मिळालं. मला हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्यांचा नियमच तसा. हे नाथाच्याच तोंडून कळलं. बनुबाई माझ्याकडे गोळ्यांचं पाकीट वाचून घ्यायला बसल्या होत्या आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे दिला, "बघ गं कोन हाय." नवा नंबर होता. मी स्पीकर चालू केला.

"मामी, मी नाथा. देवळालीचा."

बनुबाई ताठ बसल्या.

"वळखलं का न्हाई?"

"वळखलं की. बरा हाईस?"

"एकदम बरा. मामी, ते तपासनीचं आलं. मला बी निघालं ते, ज्योतीताईसारखं. आई-दादा दोघांकडनं आलंय म्हनं. डाक्टर म्हनले, पत्र आनलं नसतं तर अवघड हुतं. आई म्हनली तुमी आनून दिलं पत्र, काष्टीवरनं एसटीनं. मला सांगितलं असतं तर गाडी पाठवली असती की."

"एसटी बरी असती. अर्धं तिकीट हाय बायकांना."

तो हसला. "आई लई रडती, मामी. तिला वाटतंय तिच्या रक्तातनं आलं, तिच्यामुळं झालं. कितीबी सांगा, ऐकत न्हाई."

बनुबाई गप्प. मी फोनकडे बघत होते, त्यांच्याकडे बघवेना. पलीकडून "हॅलो, मामी, ऐकू येतंय का?" असं दोनदा आलं.

"येतंय," त्या म्हणाल्या. "तिला म्हन, तिच्यामुळंच वाचलास तू. मामीनं सांगितलंय म्हन. आन जप तिला. म्हातारी झाली ती आता."

"व्हय मामी. या कदी हिकडं. ठिवू?"

"ठेव बाबा."

फोन बंद झाला. मी गोळ्यांचं पाकीट पुन्हा हातात घेतलं, काहीतरी करायला हवं म्हणून. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती बोलला गं? त्यात लिवलेलं असतं ना?"

मी बघितलं. "एक मिनिट बावन्न सेकंद."

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "आन त्यातबी मीच निम्मं गप बसले."